वाचनालयात मोठ्या माणसांचं काय काम?

मागच्या महिन्यात इथं एक साधाच प्रश्न विचारला होता, शिक्षण संपल्यावर तुम्ही वाचनालयात कधी गेलात आणि कशासाठी. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, काहींनी तर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबच्या लांब व्हॉइस नोट पाठवल्या. मी एकोणीस वर्षं नागपुरातल्या एका वाचनालयात देवघेव काउंटरवर बसले, त्यामुळे ही पत्रं वाचताना दारापर्यंत येऊन परत गेलेली कितीतरी माणसं डोळ्यासमोर आली. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तसं कळवलंय.

प्रश्न: ताई, मी मानेवाड्याला राहते, वय ४६. आठवीनंतर शाळा सुटली, घरी भावंडं सांभाळायची होती. आता पोरगी इंजिनिअर झाली आणि माझ्या डोक्यात दहावी करायचं आलं आहे. घराजवळच्या वाचनालयात गेले तर सगळी विशीतली पोरं मान खाली घालून बसलेली, मी चप्पल काढायच्या आधीच परत आले. सासूबाईंना तर अक्षरओळखच नाही, त्या म्हणून राहिल्या, मले बी शिकव. आमच्यासारख्यांसाठी वाचनालयात काही असतं का?

ताई, तुम्ही दारातून परत आलात याचा दोष आम्हा वाचनालयवाल्यांचा आहे, तुमचा नाही. अभ्यासिका म्हणजे एमपीएससीची पोरं असं आम्हीच करून ठेवलंय. पोरांचं चुकत नाही, त्यांना घरी जागा नसते. पण पाटीवर ‘सार्वजनिक’ लिहिलंय ना, मग ते तुमच्यासाठीसुद्धा आहे.

आधी दहावीचं सांगते. दोन वाटा आहेत. एक आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायचं, त्याची चौकशी जवळच्या हायस्कूलमध्ये करा. दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, आणि घर सांभाळून शिकणाऱ्या बाईला मला ही जास्त सोयीची वाटते. का, तर पाच विषय पास व्हायचे पण सगळे एकदम द्यायची सक्ती नाही, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, जो विषय पास झाला त्याचे मार्क जमा राहतात. परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मराठी माध्यम आहे. वय कमीत कमी १४ पाहिजे, वरची अट नाही, म्हणजे तुम्ही ४६ च्या असा की ७६ च्या, कोणी अडवत नाही.

आता वाचनालयाचं. संध्याकाळी जाऊ नका, दुपारी दोनला जा. तेव्हा अर्धी पोरं जेवायला गेलेली असतात आणि काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. ‘काही कार्यक्रम असतात का’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येईल, म्हणून असं विचारा की मी दहावीला बसतेय, मला मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते चार एक टेबल मिळेल का आणि माझ्यासारखं अजून कोणी आलं तर आम्ही एकत्र बसून मोठ्यानं बोलू शकू अशी जागा आहे का. नेमका वार आणि नेमकी वेळ सांगितली की नाही म्हणणं अवघड जातं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं अनुभवलेलं आहे. आमच्याकडे दोन बायका अशाच आल्या होत्या. मासिकांच्या खोलीत त्यांना बसवलं, पेपर वाचायला येणारे एक रिटायर्ड गणिताचे सर दोन दिवस नुसतं ऐकत राहिले, तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून त्यांच्या टेबलावर आले. दिवाळीपर्यंत त्या टेबलावर सहा जणी झाल्या. त्यातली एक गणितात दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा सुटली, त्या दिवशी ती संत्र्याची बर्फी घेऊन आली होती, मला आजही तो डबा आठवतो.

सासूबाईंसाठी केंद्र सरकारचा ‘उल्लास’ कार्यक्रम आहे, नवभारत साक्षरता कार्यक्रम म्हणतात तो, २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ आहे आणि १५ वर्षांवरच्या, शाळेत जायला न मिळालेल्या लोकांसाठीच तो आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात, म्हणजे तुम्ही स्वतः किंवा तुमची इंजिनिअर पोरगी सासूबाईंना शिकवू शकता, नाव जवळच्या शाळेत नोंदवा. शेवटी वाचन, लेखन आणि आकडेमोडीची एक परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळतं. सासूबाईंना पहिल्या दिवशी अ आ इ नका देऊ, त्यांचं स्वतःचं नाव द्या, मग गावाचं, मग नातवंडांची. शहर बसवरची पाटी वाचता आली की पुढचं त्या स्वतःच मागतील.

प्रश्न: वय ६८, बँकेतून रिटायर्ड. ‘वाचकांशी संवाद’ असा बोर्ड बघून एका वाचनालयात गेलो. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाच जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग पाहुण्यांचं तासभर भाषण. संवादाला शेवटची पाच मिनिटं, त्यातही माइक सापडेना. पुन्हा जावं का?

काका, पुन्हा जा, पण पुढच्या वेळी आयोजकांना आधीच भेटा. तुमचा राग बरोबर आहे. भाषण वाईट नसतं, पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे आणि महाराष्ट्रातल्या कित्येक साध्या माणसांचं मोठेपणीचं शिक्षण अशा व्याख्यानांतच झालंय. पण ज्याला संवाद म्हणायचं त्यात समोरचा माणूस बोलायला पाहिजे, नाहीतर त्याला व्याख्यान म्हणा आणि मोकळे व्हा.

आमच्याकडे दर गुरुवारी एक बैठक व्हायची, तिचा नियम एवढाच होता की हार नाही, स्टेज नाही, माइक नाही. खुर्च्या गोल. कोणीतरी एक पान मोठ्यानं वाचायचं, पुस्तकाचं, अग्रलेखाचं, एकदा तर एकानं आपल्या वडिलांचं १९६० च्या आसपासचं जुनं पत्र आणलं होतं. मग प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं, पास म्हटलं तरी चालेल. साडेसहा म्हणजे साडेसहा, तीन माणसं असली तरी सुरू, कारण एकदा उशीर झाला की वेळेवर येणारा पुढच्या वेळी येत नाही, आणि तोच तर खरा माणूस असतो. बारापेक्षा जास्त झाले की दोन गोल करायचे. हे मी मुद्दाम बारीक सांगतेय कारण तुम्ही बँकेतले आहात, वेळ पाळणं तुमच्या अंगात आहे, हे काम तुम्हीच उचला की. वाचनालयाला फक्त खोली आणि गुरुवार मागा.

प्रश्न: कार्यक्रमाला जायचं तर सभासद व्हावं लागतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. पेपर आणि मासिकं वाचायलाही सहसा पैसे पडत नाहीत, वर्गणी आणि अनामत घरी पुस्तक न्यायची असेल तेव्हा. पण चार वेळा गेलात तर सभासद व्हाच.

प्रश्न: मी ३१ चा, मिहानमधल्या कंपनीत आहे. शिक्षण सगळं इंग्लिश मीडियम. मराठी बोलतो मस्त, पण वाचायला घेतलं की दोन ओळींत थकतो. आजीनं लिहिलेली एक डायरी घरात आहे, ती वाचायची आहे. मोठ्या माणसाला मराठी वाचायला शिकवणारा क्लास कुठं असतो का? विचारायचीच लाज वाटते.

लाज सोड रे बाबा, नागपुरात तुझ्यासारखे ढिगानं आहेत. आपलं शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथं कायमच दोन्ही भाषा चालत आल्यात, अर्ध्या घरांत एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, चांगलंच आहे, पण तुझ्यासारख्या एकानं आजीची डायरी वाचली तर मला जास्त आनंद होईल.

तू कुठं अडकतोस ते मला माहिती आहे, जोडाक्षरांत, आणि त्यातही ‘र’ मध्ये. एकटा र मराठीत चार वेशांत फिरतो. ‘सूर्य’ मध्ये डोक्यावर, ‘चक्र’ मध्ये पोटात, ‘ट्रक’ मध्ये पायाखाली, आणि ‘दुसऱ्या’ मध्ये तो आडवा, जो हिंदीत भेटत नाही म्हणून डोळा अडखळतो. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं, एकात गुरुजी येतात, एकात स्वयंपाकी. एक आठवडा फक्त हे चार र शोध, पेपरच्या हेडलाइनमध्ये, दुकानांच्या पाट्यांवर, मेट्रोनं खापरीपर्यंत जातोस तर खिडकीतून.

मग बालभारतीची तिसरी-चौथीची पुस्तकं घे, पीडीएफ फुकट मिळतात, पण मी म्हणेन वाचनालयाच्या बालविभागातून मोठ्या अक्षराची पुस्तकं ने. काउंटरवर कोणी विचारणार नाही कोणासाठी, आणि विचारलं तर माझ्यासाठी म्हण. रोज दहा मिनिटं, मोठ्यानं, मनात नाही. मनात वाचताना अवघड शब्दावरून डोळा उडी मारतो, तोंडानं वाचताना मारता येत नाही. दोन महिन्यांत वेग येतो, त्यानंतर एखादा विषय आवडीचा घेऊन मराठी विश्वकोशातली छोटी नोंद वाच, विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे.

क्लासचं म्हणशील तर तयार क्लास शोधत बसू नकोस. १४ ते २८ जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तेव्हा वाचनालयांना कार्यक्रम हवेच असतात, नेहमीच्या निबंध स्पर्धेऐवजी ‘मोठ्यांसाठी मराठी वाचन’ असं काही ठेवा म्हणून तू एक मेल टाक, ऑफिसमधले तीन जण सोबत घे. आणि डायरी घेऊन थेट एखाद्या म्हाताऱ्या वाचकाशेजारी जाऊन बस. आजीच्या पिढीचं अक्षर वेगळं असतं, शब्द न तोडता लिहिणारी माणसं होती, काही तर मोडी ही जुनी लिपी मिसळायची. ते अक्षर लागायला त्या पिढीचाच माणूस पाहिजे, आणि ती माणसं रोज सकाळी नऊला पेपरच्या टेबलावर असतात.

प्रश्न: आम्ही नागपुरातल्या इंदोऱ्याचे. घरातले सगळे दरवर्षी दीक्षाभूमीवरून पुस्तकं आणतो, माझे आजोबा आणायचे, आता मी आणतो. कपाट भरलं, पण खरं सांगतो, निम्मी पुस्तकं उघडलेली नाहीत. विहारात मोठ्यांसाठी वाचनगट सुरू करायचा आहे. कसा करावा?

या पत्रानं मला फार बरं वाटलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दीक्षा दिली, आणि तेव्हापासून लाखो माणसं त्या मैदानावर येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला एकदा तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलमधून फिरून बघावं. मी तिथं अनवाणी चालत आलेल्या बायांना वाकून पुस्तकांच्या किमती विचारताना पाहिलंय, स्वतःला वाचता येत नाही पण नातीसाठी घेऊन राहिल्या होत्या. वाचनसंस्कृती मेली म्हणणाऱ्यांना मी तिथंच घेऊन जाते.

तुमच्याकडे पुस्तकं आहेत, जागा आहे, लोक आहेत. फक्त ‘आज काय वाचायचं’ हे ठरवणारं कोणी नाही. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांमध्ये छापली, पण ते खंड जाड आहेत आणि मूळ बरंचसं इंग्रजी आहे, तिथून सुरुवात केली तर तिसऱ्या आठवड्याला विहार रिकामा. छोट्या भाषणापासून करा, मराठीतलं. पौर्णिमेला लोक तसेही जमतात, तो दिवस पकडा. वंदना झाली की अर्धा तास वाचन, वाचणारा दर वेळी वेगळा, शक्यतो ज्याला वाचायची सवय नाही असा. जिथं अवघड शब्द आला तिथं थांबायचं आणि जमलेल्यांतूनच अर्थ काढायचा, लगेच तज्ज्ञ नाही बोलवायचा. मतभेद होतील, होऊ द्या, पण प्रत्येकानं बोट ओळीवर ठेवून बोलायचं, ‘असं कुठंतरी म्हटलंय’ चालणार नाही हा एक नियम घाला.

आणि कपाटातल्या पुस्तकांची एका वहीत यादी करा, कोणाच्या घरी काय आहे ते. वस्तीतल्या वीस घरांची यादी एकत्र केलीत तर ते एक वाचनालयच झालं.

प्रश्न: उमरेडकडच्या एका गावात आमचं ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे, मी सचिव. अनुदान येतं ते पगारात आणि पुस्तकांत संपतं. मोठ्या लोकांसाठी कार्यक्रम करा म्हणतात, पैसा कुठून आणायचा? आणि गावातले लोक येतात काहून? त्यांना कथाकथन नको आहे. शिवाय पडद्यावर सिनेमा दाखवला किंवा नाटक वाचलं तर परवानगीचं लफडं होतं का?

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात जवळचा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं आपल्याकडे गावोगाव वाचनालयं उभी राहिली, अ ब क ड असे वर्ग झाले, ‘ड’ म्हणजे सगळ्यात लहान, पण ‘ड’ वर्गाच्या माणसाचे हाल तुम्ही सांगितले तसेच आहेत. कार्यक्रमाला पाहुण्यांची गाडी, हार, बॅनर हे धरलं तर पैसा लागतो. ते नाही धरलं तर सतरंजी आणि चहा.

लोकांना कथाकथन नको असेल तर त्यांच्या कामाचं द्या. पहिला कार्यक्रम सातबारा वाचायचा. घरात सातबारा सगळ्यांच्या असतो, वाचता किती जणांना येतो? गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची आणि त्यावर हक्क-बोजा कोणाचा, नमुना बारा म्हणजे त्यात पीक काय. एखादे रिटायर्ड तलाठी गावात किंवा शेजारच्या गावात असतीलच, त्यांना बोलवा, प्रत्येकानं आपापला उतारा आणायचा, आणि बोट ठेवून ओळ न् ओळ समजून घ्यायची. पुढचा आठवडा ई-पीक पाहणीचा, १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची आहे, आणि म्हातारे लोक पोरांवर अवलंबून बसलेत. तिसरा माहितीच्या अधिकाराचा, २००५ चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, अर्ज तिथंच बसून प्रत्येकानं लिहायचा. चौथा मोबाइलवरच्या फसवणुकीचा, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. या चारही संध्याकाळी माणसं येतील, आणि आली की कपाटाकडे बघतील. शेतीची, विहिरीची, आजारांची पुस्तकं त्या दिवशी कपाटातून काढून टेबलावर मांडा, कपाटाला कुलूप असलं की पुस्तक भिंतीतल्या देवासारखं होतं, लोक लांबूनच नमस्कार करतात.

सांस्कृतिक म्हणाल तर तुमच्या पूर्वेला झाडीपट्टी सुरू होते. दिवाळीनंतर तिकडे रात्र-रात्र नाटकं चालतात, तिथं काम केलेला एखादा माणूस, पेटी वाजवणारा, पडदे रंगवणारा, तुमच्या पंचक्रोशीत नक्की सापडेल. त्याला भाषण करायला नका लावू, गावातल्या पोरीनं त्याला दहा प्रश्न विचारायचे, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, आणि ते लिहून वाचनालयात फाइल करून ठेवायचं. हे कुठल्याच प्रकाशकाकडून विकत मिळणार नाही. तारखा हव्या असतील तर २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्ट भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा वाढदिवस म्हणजे ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. अहवालात या तारखा उपयोगी पडतात, पण माणसं तारखेला येत नाहीत, ठरलेल्या वाराला येतात, म्हणून एक वार पक्का करा. बाजाराचा वार सोडून.

परवानगीचं सांगते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यानंतर ते लेखन सगळ्यांचं. राम गणेश गडकरी तुमच्या-आमच्या सावनेरलाच २३ जानेवारी १९१९ ला गेले, त्यांचं नाटक तुम्ही खुशाल वाचा, करा, विचारायची गरज नाही. अलीकडच्या लेखकाचं असेल आणि तिकीट न लावता हौशी मंडळी करत असतील तर कायदा सवलत देतो, तरी मी म्हणेन लेखकाला एक पत्र टाका, लेखकांना आनंद होतो, काही तर स्वतः येतात. सिनेमाचं मात्र वेगळं, कोणीतरी डाउनलोड केलेला पेनड्राइव्ह लावू नका, हक्क ज्याचा आहे त्याची परवानगी घ्या, नाहीतर सोडा.

प्रश्न: आईला कमी दिसतं, आता छापील वाचता येत नाही. आयुष्यभर वाचनालयाची सभासद होती, मागच्या महिन्यात कार्ड परत करायचं म्हणाली. काय करू?

कार्ड परत करू देऊ नका. छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ ला सुरू झालेलं, दिसत नसल्याचा दाखला देऊन सभासद होता येतं आणि पुस्तकं ऐकता येतात. पण मशीनच्या आवाजात मराठी ऐकायचा आईंना आठ दिवसांत कंटाळा येईल, म्हणून वाचनालयात विचारा की दुपारी मोठ्यानं वाचून दाखवणारं कोणी आहे का. वर मिहानमधल्या मुलाचं पत्र छापलंय, त्याला मोठ्यानं वाचायची प्रॅक्टिस हवी आहे. तुम्हा दोघांची हरकत नसेल तर मला कळवा, मी नंबर पोचवते.